एकशे त्रेपन्न आणि गाळलेली ओळ

गंगाराम मोहिते सर गेल्याचं मला फोनवर आलेल्या एका चित्रातून कळलं. सकाळचे सव्वासात वाजले होते. चित्रात सरांचा निवृत्तीच्या वेळचा फोटो होता, भोवती सोनेरी चौकट, चौकटीला गुलाबाच्या पाकळ्या आणि खाली एक ओळ : ‘१५३ या जादुई आकड्याचे जनक मोहिते सर काळाच्या पडद्याआड. वय ७८.’ मजकूर हातात आला की आधी त्यातल्या चुका शोधायच्या, ही माझी वर्तमानपत्रातली पस्तीस वर्षांची सवय. या एका ओळीत चार होत्या. सर म्हणत, आकडा मटक्याचा असतो, शाळेत संख्या असते. ती जादुई नाही. सर तिचे जनक नव्हते, तिचे गुण त्यांच्या जन्माच्या फार आधीपासून लोकांना माहीत होते आणि हे ते स्वतःच पहिल्यांदा सांगत. आणि वय ७७ होतं. पहिल्या तीन चुका अज्ञानातून झाल्या होत्या. चौथी मुद्दाम केलेली होती, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. चित्राखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. त्यात माझीही एक आहे.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं, संगमेश्वरच्या वर, काताळावर असलेल्या एका हायस्कूलमध्ये. तिथे शाळेचं मैदान म्हणजे उघडा जांभा दगड. एका मार्चमध्ये त्यांनी प्रत्येकाला घरून काजूच्या थोड्या बिया आणायला सांगितल्या. पहिल्या ओळीत एक बी, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन, असं करत सतराव्या ओळीत सतरा. काताळावर मोठा त्रिकोण तयार झाला. मोजा म्हणाले. आम्ही मोजल्या, एकशे त्रेपन्न भरल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं : १ चा घन १, ५ चा घन १२५, ३ चा घन २७, बेरीज १५३. म्हणजे संख्येचे स्वतःचेच अंक, प्रत्येकाचा घन, आणि बेरीज पुन्हा तीच संख्या. त्याखाली लिहिलं : एक, अधिक एक गुणिले दोन, अधिक एक गुणिले दोन गुणिले तीन, असं पाचपर्यंत. १ अधिक २ अधिक ६ अधिक २४ अधिक १२०. पुन्हा १५३. वर्गात कोणीतरी “आयला” म्हणालं. सर रागावले नाहीत. “आयला म्हणायला हरकत नाही,” ते म्हणाले, “पण आयला म्हणून थांबायला हरकत आहे. का, हे विचारायचं.” नंतर त्या बिया शाळेच्या मागे भाजून आम्ही खाल्ल्या. हातांना चीक लागून दोघांच्या बोटांची सालं गेली, आणि मुख्याध्यापकांनी सरांकडे लेखी खुलासा मागितला.

का विचारायचं, ही त्यांच्या घरातली रीत होती. छप्पन्न सालानंतर गावातल्या इतर घरांबरोबर त्यांच्या वडिलांनीही बुद्धाचा धम्म स्वीकारला. वडील मुंबईला गोदीत कामाला होते, शाळा चौथीपर्यंत झालेली. सुट्टीत गावी आले की मुलाला जवळ बसवून सांगत, “कुणी सांगितलं म्हनून मानायचं नाय. मी सांगितलं तरी नाय.” सर हे वाक्य त्यांच्याच बोलीत उच्चारत. एरवी त्यांचं बोलणं शाळेचं, तोलून-मापून केलेलं.

१५३ ची जी गोष्ट सरांना सर्वांत आवडायची, ती अशी. तीनने निःशेष भाग जाणारी कोणतीही संख्या घ्या. तिच्या प्रत्येक अंकाचा घन करा, बेरीज करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. करत राहा. शेवटी तुम्ही १५३ वर पोहोचता आणि तिथेच राहता. २४ घ्या. ८ अधिक ६४ म्हणजे ७२. ३४३ अधिक ८ म्हणजे ३५१. २७, १२५ आणि १ मिळून १५३. वाट कधी लांब असते, कधी आखूड, पण मुक्काम एकच. ज्या संख्येला तीनने भाग जात नाही, ती मात्र १५३ वर कधीच येत नाही. याचं कारण सर दोन वाक्यांत सांगत : कोणत्याही अंकाच्या घनातून तो अंक वजा करा, उरलेल्याला तीनने भाग जातो. त्यामुळे तीनने भागल्यावर जी बाकी पहिल्या पायरीवर असते, तीच शेवटपर्यंत राहते. मग त्या इतर संख्यांचं काय होतं? काही ३७० वर जातात, काही ३७१ वर, काही ४०७ वर, काही नुसत्या १ वर. या प्रत्येकीच्या अंकांचे घन करून बघा, त्याही स्वतःवरच परत येतात. आणि काही संख्या कुठेच थांबत नाहीत, दोन-तीन संख्यांच्या फेऱ्यात फिरत राहतात.

हे पुस्तकात वाचून त्यांचं समाधान झालं नव्हतं. संख्या कितीही मोठी घेतली तरी काही पायऱ्यांत ती २९१६ च्या आत येते, एवढं त्यांनी स्वतः सिद्ध केलं होतं. मग २९१६ पर्यंतच्या तीनने भाग जाणाऱ्या सगळ्या, म्हणजे ९७२ संख्या त्यांनी हाताने करून पाहिल्या, तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर. २४ आणि ४२ यांच्या अंकांच्या घनांची बेरीज सारखीच येते, तेव्हा एवढ्या करायची गरज नव्हती. मी तसं म्हणालो होतो. “गरज नव्हती हे मलाही ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.”

बारा वर्षांपूर्वी मी रत्नागिरीत, हा लेख ज्यात येतोय त्याच दैनिकात, उपसंपादक होतो. सर निवृत्त होऊन शहरालगत नाचणे या गावी राहायला आले होते. पत्नी सुलभाकाकू, दोन खोल्या आणि समोर पडवी. पडवीत एक शाळेतला जुना फळा भिंतीला टांगलेला. आपल्या प्रत्येक वाढदिवसाला सर त्या फळ्यावर स्वतःच्या वयाची साखळी मांडत आणि त्या वर्षी आपण कुठे पोहोचतो ते बघत. मला वाटलं, याची छान चौकट होईल, रेघांच्या आत छापतात तसा छोटा मजकूर. मी गेलो, बोललो, त्यांनी सांगितलेलं शब्दशः लिहून आणलं. दीडशे शब्दांची चौकट. पान लावताना ती एका ओळीने वाढली. आतल्या कोणत्याही वाक्याच्या अर्थाला हात न लावता एक ओळ कमी करायची, हे आमच्याकडे नवशिक्यालाही जमायचं. एखादा फालतू शब्द शोधायचा आणि उडवायचा. ‘तीनने निःशेष भाग जाणारी कोणतीही संख्या घ्या’ यातले पहिले चार शब्द मला फालतू वाटले. ते उडाले. ओळ बसली. दुसऱ्या दिवशी जिल्हाभर छापून आलं : ‘कोणतीही संख्या घ्या, शेवटी १५३ च येणार.’ वर मथळा माझाच : ‘सगळ्या वाटा १५३ कडे’. मथळ्याखाली माझं नाव.

सर अकरा वाजता कचेरीत आले. अंक घडी घालून हातात. खुर्चीवर बसले नाहीत. “अरे, हे खोटं आहे,” ते म्हणाले. मी म्हणालो, “सर, पान लावताना कापलं गेलं. माझ्या हातात नव्हतं.” खोटं बोलायला मला अर्धा सेकंदही लागला नाही... हे नोंदवून ठेवायला हवं. सर एवढंच म्हणाले, “बरं. मग दुरुस्ती छापा.” छापू म्हटलं. छापली नाही.

पुढे जे झालं ते असं. महिन्याभरात शहरात एका अंकशास्त्र्याने कार्यालय उघडलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला ते आवडेल. त्याने आमची चौकट मोठी करून, प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीवर लावली. माणसाने जन्मतारीख सांगायची, हा कागदावर घन मांडणार. १५३ आलं तर अंक शुद्ध. नाही आलं तर अंकात खोट, आणि खोटीवर उपाय. युक्तिवाद बिनतोड होता. पेपरात छापलंय की कोणतीही संख्या १५३ वर येते. तुमची येत नाही, म्हणजे दोष तुमच्यात. चार शब्द गाळल्यावर जगातल्या दर तीन संख्यांमधल्या दोन आपोआप अपराधी ठरल्या होत्या. दर तीन माणसांतली दोन त्याच्या दारात उभी राहणार होती आणि राहिली. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर किचेन, चौकटी, तांब्याच्या पट्ट्या विकायला आल्या, मध्ये १५३ आणि भोवती किरणं. एका लॉजवाल्याने अठरा खोल्यांच्या लॉजमध्ये १५३ नंबरची खोली केली. तिला भाडं जास्त. सरांना कोणीतरी एक पट्टी भेट दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून परसात नेली, राखेत टाकली आणि बराच वेळ साबणाने हात धुतले. काकू म्हणाल्या, “अहो, नुसतं तांबं आहे ते.” सर म्हणाले, “नुसतं असतं तर ठेवलं असतं.”

मग तो अंकशास्त्री स्वतःच त्यांच्या पडवीत आला, शाल आणि श्रीफळ घेऊन. मी त्या दिवशी तिथे होतो. अंगाला उग्र अत्तर, बोटांत चार अंगठ्या. खाली वाकून सरांच्या पायांना हात लावला. सरांनी पाय मागे घेतले.

“गुरुवर्य, तुमच्याच विद्येवर आमचं चाललंय.”

“माझ्या विद्येवर नाही. एका वाक्यावर चाललंय, आणि ते वाक्य चुकीचं आहे.”

“सर, लोकांना समाधान मिळतं.”

“तुमची जन्मतारीख काय?” सरांनी विचारलं. तो नुसता हसला. “सांगा ना. फळा आहे, खडू आहे.”

“आमचं बघून झालंय हो,” तो म्हणाला. सरांनी नारळ उचलून त्याच्या हातात परत दिला. “हा खायच्या कामाचा आहे, फुकट घालवू नका.” शाल त्यांनी हातात घेतलीच नाही. तो गेल्यावर काकूंनी पडवी पाण्याने धुतली. अत्तराचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

इथपर्यंत हा प्रकार किळसवाणा पण हसण्यासारखा होता. दोन वर्षांनी हसणं संपलं. सरांच्या शाळेतले एक जुने कारकून राजापूर तालुक्यातल्या एका गावी राहायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, चौदा तारखेला जन्मलेली. चौदाची साखळी ६५, ३४१, ९२, ७३७, ७१३ अशी जाते आणि ३७१ वर थांबते. चौदाला तीनने भाग जात नाही, ती दुसरीकडे जाणारच. मुलाकडच्यांनी अंक काढून आणला, मुलीच्या अंकात खोट आहे म्हणाले, आणि साखरपुड्याला आठ दिवस असताना लग्न मोडलं. कारकुनांचा सरांना फोन आला. सरांनी सकाळची एस.टी. पकडली, पिशवीत पाटी-पेन्सिल घेतली. मी सोबत गेलो. का गेलो, याचं प्रामाणिक उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं.

मुलाचे काका ओसरीवर बसले होते. आम्हाला चहा आला. सरांनी पाटीवर सगळं मांडून दाखवलं, तीनने भाग, बाकी, ३७१. काकांनी शांतपणे ऐकलं आणि आतून प्लास्टिकमधलं कात्रण आणवलं. आमची चौकट.

“मास्तर, हे तुमचंच ना? कोनतीही संख्या, असं लिवलंय. कोनतीही म्हंजे कोनतीही.”

“छापलंय ते अर्धवट आहे.”

“म्हंजे पेपर चूक आनि तुमी बरोबर?”

“तुमची तारीख किती?” सरांनी विचारलं.

“बावीस.”

सरांनी पाटीवर मांडलं. सोळा, दोनशे सतरा, तीनशे बावन्न, एकशे साठ, पुन्हा दोनशे सतरा. “बघा. तुमची तर कुठेच थांबत नाही. जन्मभर फिरत राहणार.”

काका पाटीकडे बघून म्हणाले, “मला काय आता लगीन करायचं नाय.” ओसरीवर सगळे हसले. मुलगा खांबाला टेकून मोबाइल बघत होता, तोही हसला. सरांनी पाटी पुसली, पिशवीत ठेवली. चहा तसाच राहिला. रत्नागिरी आल्यावर म्हणाले, “आता तरी दुरुस्ती छाप. त्या मुलीसाठी नाही, ते झालं. पुढच्या मुलीसाठी.”

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे गेलो. ते संपादक आता नाहीत. मी म्हणालो, त्या चौकटीची दुरुस्ती छापायला हवी. त्यांनी विचारलं, “तक्रार कोणाची?” मोहिते सरांची, म्हटलं. “त्यांची बदनामी झालीय?” नाही. “मग काय, १५३ ने वकील पाठवलाय?” टेबलाभोवतीचे चौघे हसले. मीही हसलो. राजापूरच्या ओसरीवरचं हसणं आणि हे हसणं यांत काही फरक होता का, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. फरक सापडलेला नाही.

सरांनी मला त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. त्यांनी दुसरा रस्ता धरला. दरवर्षी, चौकट छापली त्या तारखेला, वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर एकच, हस्ताक्षर फळ्यावरच्यासारखं : ‘महोदय, आपल्या दैनिकातील मजकुरात “तीनने निःशेष भाग जाणारी” हे शब्द राहून गेले आहेत. कृपया वाचकांच्या नजरेस आणावे.’ खाली सही. कोणावर आरोप नाही, जुनी आठवण नाही, राजापूरचा उल्लेख नाही. पाचव्या वर्षी पत्रव्यवहाराचं सदर माझ्याकडे आलं. म्हणजे ते पोस्टकार्ड आता कोणाला न विचारता छापता आलं असतं. पण दुरुस्ती छापली की चूक कोणाची, हे कोणीतरी विचारणार होतं. मी ते पोस्टकार्ड खणात ठेवलं. पुढच्या वर्षीचंही ठेवलं. निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा करताना ती सगळी एका पाकिटात घालून घरी आणली. निवृत्तीनंतर आलेली पुढच्यांनी काय केली ते माहीत नाही. माझ्यापेक्षा वाईट काही केलं नसणार.

सरांच्या ७७ व्या वाढदिवशी काकूंचा फोन आला. “येऊन जा. हृदयाचं दुखणं वाढलंय. तुझं नाव काढतात.” मी गेलो. सर पडवीत आरामखुर्चीत होते, पाय सुजलेले, आवाज मात्र तसाच. फळा पुसून तयार होता. “तू मांड,” म्हणाले, “माझा हात थरथरतो.” मी खडू घेतला. ७७. दोन साताचे घन, ६८६. मग ९४४. मग ८५७. पुढच्या पायरीला मी आठाचा घन पाचशे एकवीस धरला.

“पाचशे बारा रे, मेल्या,” मागून आवाज आला. “साठीला आलास, पाढे गेले कुठे?”

मी पुसून पुन्हा मांडलं. ९८०. १२४१. ७४. आणि ७४ चे ३४३ अधिक ६४, ४०७. सर उठले, काकूंचा हात धरून फळ्यापर्यंत आले आणि ४०७ च्या खाली स्वतःच्या हाताने पुन्हा ४०७ लिहिलं. अक्षर वाकडं आलं. “यंदा मी चारशे सातचा माणूस,” म्हणाले. “त्या अंगठीवाल्याच्या हिशेबाने खोटा.”

मग त्यांनी काकूंकडून वही मागवली. वहीत ती चौकट चिकटवलेली होती, बारा वर्षांत पिवळी झालेली. बाजूला लाल शाईने गाळलेले चार शब्द. शेजारी पेन्सिलीने बारीक आकडेमोड : एका ओळीत किती अक्षरं मावतात, चार शब्द घातले तर परिच्छेद किती वाढतो. “एक ओळ वाढते,” सर म्हणाले. “बरोबर एक. मी पट्टीने मोजलंय.” त्यांनी बोट वर सरकवून मथळ्याखाली ठेवलं, माझ्या नावावर. “आणि ही एक ओळ. जागा एकीचीच होती. तुला निवडायचं होतं.”

मी विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“विद्यार्थ्याला उत्तर सांगून टाकलं की तो गणित करत नाही.” मग म्हणाले, “तुला वेळ जास्त लागतोय, एवढंच...” रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. काकूंनी खिरीची वाटी आणली. ती मी खाल्ली. हेही नोंदवायला हवं.

दोन महिन्यांनी ते गेले. घरच्यांनी विधी साधेपणाने केला, विहारात वंदना झाली, तिथे कोणी १५३ चं नाव घेतलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात शहरातल्या काही मंडळींनी सभागृहात शोकसभा ठेवली. दारात दहा फुटांचा फलक, त्यावर सरांपेक्षा १५३ मोठं. व्यासपीठावर प्रमुख वक्ता म्हणून तोच अंकशास्त्री. अंगठ्या आता सहा. अत्तर तेच. तो म्हणाला, “गुरुवर्यांनी देह केव्हा ठेवला बघा. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.” मागच्या पडद्यावर एकेक संख्या उमटू लागली. ८५५, ७६२, ५६७, ६८४, ७९२, १०८०, ५१३. प्रत्येक संख्येनंतर तो थांबायचा. लोक पुढे सरकून बसले होते. मग पडद्यावर किरणांसकट १५३. “स्वतःच्या अंकात विलीन झाले!” टाळ्या पडल्या. शोकसभेत, पहिल्या रांगेत मयताची बायको बसलेली असताना.

तेव्हा मला ती चौथी चूक समजली. ७७ ला तीनने भाग जात नाही. खरं वय घातलं असतं तर पडद्यावर ४०७ आलं असतं आणि गुरुवर्यांच्या अंकात खोट निघाली असती. म्हणून मेलेल्या माणसाचं वय एका वर्षाने वाढवण्यात आलं. पाच-सहाशे लोकांच्या शोकसंदेशात ते तसंच फिरलं. मी उठून बाहेर जाऊन आलो.

परत आलो तेव्हा सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं. मी बोललो. काजूच्या बिया सांगितल्या, काताळावरचा त्रिकोण सांगितला. लोक हसले, हळहळले. वयाबद्दल बोललो नाही, चौकटीबद्दलही नाही. तीन मिनिटांत खाली उतरलो. अंकशास्त्र्याने माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, “तुमच्याच लेखणीने सुरुवात झाली, आम्ही विसरलो नाही.” त्याचा तळहात ओला होता. सभागृहाच्या नळावर मी सरांसारखेच हात धुतले. साबण नव्हता.

रिक्षाने काकूंना घरी सोडायला मी सोबत गेलो. नाचण्याचा चढ लागल्यावर म्हणाल्या, “सत्त्याहत्तर होते ते. तूच लिहिलंस ना फळ्यावर.” मी हो म्हणालो. “मग तिथे का नाही सांगितलंस?” घरी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाल्या, “फळा मी पुसलेला नाही. पुढच्या वाढदिवसाला पुसायचा असतो.”

या पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी दोन अटी घातल्या. एक, मजकूर कापायचा नाही, जास्त झाला तर परत करायचा. दुसरी, लेखावर माझं नाव घालायचं नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, एक ओळ द्यायची राहिली आहे. ती ओळ ही : बारा वर्षांपूर्वी या दैनिकात छापलेल्या चौकटीत ‘तीनने निःशेष भाग जाणारी’ हे शब्द हवे होते. ते पान लावताना कापले गेले नाहीत, मी कापले. ज्यांची संख्या १५३ वर येत नाही, त्यांच्यात काहीही खोट नाही.

लेख द्यायच्या आदल्या दिवशी तो काकूंना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी ऐकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “आठाचा घन चुकलास, तेही लिहिलंस. बरं केलंस.” पडवीत ऊन आलं होतं. फळ्यावर ७७ पासून खाली माझं अक्षर आहे, मध्ये एका ठिकाणी पुसल्याचा पांढरा डाग आहे, आणि तळाला, वाकड्या अक्षरात, सरांचं ४०७.